नाळेच्या रक्ताचा पीएच ६.९६ आला, आता बाळाच्या मेंदूचं काय?

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. पहिलटकरीण, ३९ आठवडे झालेले, कळा चालू असताना अचानक रक्तस्राव सुरू झाला, बाळाचे ठोके ८० वर आले, घाईने सिझर केलं आणि वारेच्या मागे रक्ताची मोठी गुठळी सापडली. बाळ लगेच रडलं नाही, दीड-दोन मिनिटं मास्क-बॅगने श्वास द्यावा लागला, अपगार (जन्मल्या जन्मल्या बाळाच्या अवस्थेला दहापैकी दिलेले गुण) १ मिनिटाला ४ आणि ५ मिनिटांना ७. नाळेच्या रक्ताचा पीएच (जितका कमी तितकं रक्त जास्त आम्लधर्मी) ६.९६, कार्बन डायऑक्साइड ८०, बेस डेफिसिट १३. एक दिवस ऑक्सिजन, पाच दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), पहिल्या दिवशी बाळ जरा थरथरायचं आणि टक लावून बघत राहायचं, झटके आले नाहीत, तिसऱ्या दिवसापासून अंगावर पितंय. आता १९ दिवसांचं आहे. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की पीएच ७ च्या खाली गेला म्हणजे मेंदूला मार बसला, मूल मतिमंद होणार. आणि तुम्ही विचारताय की हे खरं का, एमआरआय करायचा का, थंड करायची ट्रीटमेंट दिली नाही ती चूक झाली का, डॉक्टरांनी उशीर केला का, आणि पुढच्या खेपेला परत असंच होईल का.

मी नवजात बाळांचा डॉक्टर आहे, अशी बाळं आमच्याकडे नेहमी येतात. पण तुमचं बाळ मी तपासलेलं नाही हे आधीच सांगतो. कागदावरून जेवढं सांगता येतं तेवढंच सांगतोय.

सगळ्यात आधी, "पीएच ७ च्या खाली म्हणजे मतिमंद" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ते चूक आहे. तो आकडा बाळ जन्मलं त्या घडीची अवस्था सांगतो. मेंदूचं काय झालं ते बाळाच्या पहिल्या तीन दिवसांच्या वागण्यावरून कळतं आणि पुढे काय होणार ते पुढच्या महिन्यांत दिसतं. तुमच्या बाळाने पहिल्या तीन दिवसांत जे दाखवलंय ते बरंच दिलासा देणारं आहे. तरीही फॉलोअप सोडायचा नाही. का ते आता सविस्तर सांगतो.

पोटात बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही, त्याचा ऑक्सिजन वारेतून येतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड वारेतूनच आईकडे जातो. प्रत्येक कळ येते तेव्हा गर्भाशय आवळलं जातं आणि वारेकडे येणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो, कळ ओसरली की परत सुरू होतो. धडधाकट बाळ हे तासन् तास सहन करतं. म्हणूनच अगदी नॉर्मल डिलिव्हरीतही नाळेतल्या धमनीचा पीएच साधारण ७.२५ च्या आसपास येतो, मोठ्या माणसासारखा ७.४ नसतो. पण नाळ दाबली गेली, नाळ बाळाच्या आधी बाहेर आली, वार वेळेआधी सुटली, जुन्या सिझरचा व्रण फाटला, खांदा अडकला, आईला झटके आले, अशा वेळी हा पुरवठा तुटतो किंवा फार कमी होतो. मग सगळ्यात आधी कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याने रक्त आम्लधर्मी होतं. हे काही मिनिटांत होतं आणि बाळाने चार चांगले श्वास घेतले की तेवढ्याच पटकन उतरतं. पुरवठा आणखी वेळ तुटलेला राहिला तर पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळायला लागतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं. घाटात सायकल दामटल्यावर मांड्या भरून येतात तेव्हा स्नायूंत हेच होत असतं. हे आम्ल लवकर उतरत नाही, आणि ते किती साठलंय हे बेस डेफिसिटच्या आकड्यावरून कळतं.

म्हणून नुसता पीएच बघून मी काहीच बोलत नाही. पीएच ६.९६ पण बेस डेफिसिट ७-८ असेल तर ते बहुतेक कार्बन डायऑक्साइडचं काम असतं, त्याचं मला फारसं टेन्शन येत नाही. तोच पीएच आणि बेस डेफिसिट १८ असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या बाळाचा १३, म्हणजे दोन्हीची सरमिसळ आहे, कार्बन डायऑक्साइडही चढलेला आणि लॅक्टिक अ‍ॅसिडही थोडं साठलेलं. कॅनडातल्या डॉ. जेम्स लो यांच्या गटाने १९९७ मध्ये हेच तपासलं होतं की बेस डेफिसिट किती झाला की बाळांना त्रास होतो. १२ ते १६ मध्ये साधारण १० टक्के बाळांना मेंदू, श्वास, हृदय किंवा किडनीचा मध्यम ते गंभीर त्रास झाला, १६ च्या वर गेल्यावर ४० टक्क्यांना. म्हणजे तुमच्या गटातल्या दहापैकी नऊ बाळांना तसा त्रास झाला नाही. पीएच ७ च्या खाली असलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये एक आढावा आला होता, त्यात साधारण १७ टक्के बाळं वाचली पण त्यांना नवजात काळात मेंदूचा काही ना काही त्रास झाला आणि सुमारे ६ टक्के दगावली. वाईट आहेत हे आकडे, मी ते लपवत नाही. पण बहुसंख्य बाळं यातून सुखरूप बाहेर आली हेही त्याच आकड्यांत आहे.

अजून एक गोष्ट रिपोर्टवर बघा, रक्त नाळेच्या धमनीचं होतं की शिरेचं. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, धमनीतलं रक्त बाळाकडून वारेकडे जाणारं म्हणजे बाळाची खरी हालत सांगणारं, आणि शिरेतलं वारेकडून येणारं, ते नेहमी जरा बरंच दिसतं. घाईत धमनी सापडत नाही आणि शिरेतून घेतलं जातं, असं होतं. तुमच्याकडे दोन्ही रिपोर्ट असतील तर कमी पीएचवाला धमनीचा समजा. आणि ते रक्त नाळेचं होतं की बाळाचं तासाभराने घेतलेलं, तेही विचारा. आपल्याकडे बऱ्याच लहान नर्सिंग होममध्ये एबीजी मशिन म्हणजे रक्तातला पीएच आणि वायू मोजणारं यंत्र नसतं, बाळ एनआयसीयूत पोचल्यावर पहिली तपासणी होते आणि तिच्यातला आकडाच "जन्माचा पीएच" म्हणून कार्डावर लिहिला जातो. तासाभराने ६.९६ आला असेल तर तो जन्माच्या ६.९६ पेक्षा जास्त काळजीचा. तुम्ही लिहिलंय की एका तासाने परत केला तेव्हा ७.२१ होता आणि सहा तासांनी ७.३६. मला तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये सगळ्यात आवडलेली ओळ ती. श्वास आणि रक्तपुरवठा सुरू झाल्यावर बाळाने आम्ल भराभर निस्तरलं, म्हणजे हृदय चाललं, लिव्हर-किडनी चालल्या.

आता मेंदूकडे येऊ. ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर हातपाय, आतडी, किडनी यांचं रक्त कमी करून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. त्यामुळे मेंदूला मार बसण्याइतका धक्का बसला असेल तर बहुतेक वेळा बाकीचे अवयवही कुरकुरतात, लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढतं, लिव्हरचे आकडे वाढतात, प्लेटलेट्स उतरतात. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही, कारण पुरवठा एकदम पूर्ण तुटला, नाळ बाहेर आली किंवा वार एकाएकी सुटली, तर शरीराला रक्त वळवायला वेळच मिळत नाही आणि मेंदूच्या आतल्या खोल भागांना आधी फटका बसतो. डिस्चार्ज कार्डवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि एसजीपीटी (लिव्हरसाठी) असेल तर बघा. आणि साखर! पहिल्या दोन दिवसांतली बाळाची साखर किती होती ते नक्की बघा. अशा बाळांनी साखरेचा साठा आधीच वापरून टाकलेला असतो, आणि साखर फार उतरली तर तिचा मेंदूवर वेगळा परिणाम होतो. पीएचवर रडारड होते आणि साखरेकडे कोणी बघत नाही, हे मला फार खटकतं.

मेंदूची अवस्था मोजायला आम्ही सारनाट स्टेजिंग वापरतो. हार्वे आणि मार्गारेट सारनाट यांनी १९७६ मध्ये मांडलेलं, अजूनही रोज वापरात आहे. पहिल्या पायरीवरचं बाळ जास्तच जागं असतं, दचकतं, थरथरतं, डोळे मोठे करून बघतं, झटके येत नाहीत आणि एक-दोन दिवसांत ठीक होतं. दुसऱ्या पायरीवरचं सुस्त, अंग ढिलं, चोखायला मागत नाही, बऱ्याचदा झटके येतात. तिसऱ्या पायरीवरचं बेशुद्ध, श्वासही नीट घेत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, थरथर, टक लावून बघणं, झटके नाहीत, तिसऱ्या दिवशी अंगावर पिणं, ते पहिल्या पायरीत बसतं. खरी काळजी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या बाळांची. सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी, मोठं अपंगत्व, दगावणं, हे मुख्यतः त्या दोन गटांत होतं. पीएच सारखाच असलेली दोन बाळं शेजारी-शेजारी असतात, एक तिसऱ्या दिवशी दूध ओढतं आणि एक व्हेंटिलेटरवर झटके देत असतं, आणि दोघांचं पुढचं आयुष्य ठरवण्यात तो पीएच फारसा कामाचा नसतो.

अपगारचंही तसंच. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये तो स्कोअर छापला तो जन्मल्या जन्मल्या बाळाला मदत लागते का हे पटकन ठरावं म्हणून, पुढे मूल कसं निघेल हे सांगायला तो नाहीच. पाचव्या मिनिटाला ७ म्हणजे बाळाने मदतीला लगेच प्रतिसाद दिला एवढा अर्थ घ्या. दहाव्या मिनिटालाही ५ च्या खाली राहिला असता तर मी वेगळं बोललो असतो.

पण "पहिली पायरी म्हणजे शंभर टक्के नॉर्मल" असं मी म्हणणार नाही. पूर्वी आम्ही तसंच सांगायचो, पुस्तकांतही तसंच होतं. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांतून दिसलंय की सौम्य गटातली काही मुलं पुढे बोलायला उशिरा लागतात, लक्ष टिकत नाही, शाळेत लिहिताना-वाचताना अडखळतात. थोडीच मुलं, आणि बहुतेकांना सीपी वगैरे नसतो, पण आहेत. त्यात घरचं वातावरण, आईचं आजारपण, बाळाचं वजन अशा गोष्टींचाही हात असतो, त्यामुळे सगळं खापर जन्मावर फोडता येत नाही. म्हणून "विसरून जा" असं न म्हणता "आकडा विसरा, फॉलोअप विसरू नका" असं सांगतोय.

कूलिंगचं, म्हणजे थंड करायच्या ट्रीटमेंटचं सांगतो, कारण त्यावरून तुम्ही स्वतःला आणि डॉक्टरांना दोष देताय असं वाटलं. ऑक्सिजन तुटल्यावर पेशी एकदा मरगळतात, पुरवठा आला की सावरल्यासारख्या होतात, आणि साधारण सहा तासांनंतर दुसरी लाट येते ज्यात खरं मोठं नुकसान होतं. त्या मधल्या सहा तासांत बाळाला ३३.५ अंशापर्यंत थंड करून ७२ तास ठेवलं तर दुसरी लाट सौम्य होते, अशी ही ट्रीटमेंट. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व ६२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं होतं. पण ती ट्रायल दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या बाळांवर होती. नियमच असा की पीएच ७ किंवा कमी, किंवा बेस डेफिसिट १६ किंवा जास्त, आणि त्याच्या जोडीला तपासणीत मध्यम किंवा गंभीर लक्षणं. तुमच्या बाळाची पहिली अट पूर्ण होत होती, दुसरी नाही. त्यामुळे कूलिंग दिलं नाही हे माझ्या मते बरोबरच.

शिवाय आपल्याकडचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत, त्यात मुंबईचं सायन हॉस्पिटलही होतं, ४०८ बाळांवर हेलिक्स नावाची ट्रायल झाली आणि २०२१ मध्ये तिचे निकाल आले. थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात ३१ टक्के. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट मृत्यू जास्त. का झालं यावर आमच्यात अजून वाद आहेत. एक तर्क असा की आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना एकदम धक्का बसण्यापेक्षा कित्येक तास हळूहळू ऑक्सिजन कमी पडत राहतो, जन्माला येईपर्यंत ते सहा तास पोटातच उलटून गेलेले असतात. काही केंद्रं बाळं नीट निवडून, पूर्ण तयारीनिशी कूलिंग देतात आणि चांगले निकाल सांगतात, काहींनी हेलिक्सनंतर हात आखडता घेतला. मी स्वतः अजूनही देतो, पण बाळ आमच्याच आवारात किंवा अगदी जवळ जन्मलेलं असेल, वेळेत आलेलं असेल, इन्फेक्शनची शंका नसेल आणि रात्रभर शेजारी बसायला माणूस असेल तरच. दूरच्या गावाहून सातव्या-आठव्या तासाला आलेल्या बाळाला मी थंड करत नाही. त्याचं तापमान ३७ च्या वर जाऊ देत नाही, साखर आणि बीपी सांभाळतो, झटके थांबवतो. ताप चढू न देणं याला काही खर्च नाही आणि ते तालुक्याच्या ठिकाणीही जमतं, त्यामुळे प्रवासात बाळाला पाच-पाच दुपट्यांत गुंडाळून वर गरम पाण्याच्या बाटल्या लावतात तेव्हा जीव खालीवर होतो.

एमआरआयबद्दल. मेंदूचा मार ओळखायला ती सगळ्यात चांगली तपासणी, पण ती योग्य बाळाची आणि योग्य दिवशी व्हायला हवी. सगळ्यात जास्त माहिती पहिल्या आठवड्यात मिळते, साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी, कारण एक खास सीक्वेन्स असतो जो ताजा मार उजळून दाखवतो आणि आठवड्यानंतर तोच भाग खोटा-खोटा नॉर्मल दिसायला लागतो. १९ व्या दिवशी बाकीच्या सीक्वेन्समध्ये दिसू शकतं, पण तुमच्या बाळात दिसण्यासारखं काही असण्याची शक्यता मला कमी वाटते. निव्वळ पीएचसाठी मी करणार नाही. पण बाळाच्या तपासणीत अंग फार कडक किंवा फार ढिलं आढळलं, डोक्याचा घेर वाढत नसेल, दूध ओढता ओढता ठसके लागत असतील किंवा झटक्याची शंका असेल तर नक्की करा. आणि केलात तर रिपोर्टपेक्षा फिल्म घेऊन नवजात किंवा मेंदूविकार बालतज्ज्ञाकडे जा, कारण या वयाच्या मेंदूतलं पाणी जास्त असतं आणि लहान बाळांचे एमआरआय कमी बघणाऱ्याकडून रिपोर्टमध्ये नको ते शब्द लिहिले जातात, मग आईबाप महिनोन् महिने झोपत नाहीत.

डॉक्टरांनी उशीर केला का? याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही आणि दिलं तर ते बेजबाबदारपणाचं ठरेल. एवढं सांगतो, वारेच्या मागे गुठळी सापडली म्हणजे वार वेळेआधी सुटली होती, आणि ते कोणालाही आधी ओळखता येत नाही. रक्तस्राव आणि ठोके कमी होणं दिसल्यावर सिझरचा निर्णय आणि बाळ बाहेर येणं यात ३० मिनिटं हे जगभर मानलं जाणारं लक्ष्य आहे, पण वार किती सुटली यावर सगळं अवलंबून, कधी १५ मिनिटांतही नुकसान होतं आणि कधी तासाभरानेही बाळ ठणठणीत निघतं. कमी पीएच हे सांगतो की जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडत होता. कधीपासून आणि कोणामुळे, ते तो सांगत नाही. तुम्हाला शंका असेल तर भांडायला न जाता आधी कागद मागा, लेबर रूमच्या नोंदी, ठोक्यांची पट्टी, ओटीची म्हणजे ऑपरेशन थिएटरची वेळ. तो तुमचा हक्क आहे. आणि प्रसूतितज्ज्ञांशी समोरासमोर बसा, कारण पुढच्या बाळंतपणासाठीही ती माहिती लागणारच आहे. जन्माच्या वेळच्या त्रासाने सीपी होतो ही समजूत फार जुनी, १८६० च्या दशकात लंडनच्या डॉ. लिटल यांनी ती मांडली, आणि १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने, हो तोच, तेव्हा तो मेंदूविकारांचं काम करायचा, लिहिलं की अवघड जन्म हा कधी कधी पोटातच आधी घडलेल्या बिघाडाचा परिणाम असू शकतो. १९८० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासांनी त्याला बरंच दुजोरा दिला, सीपीच्या बहुतेक मुलांत जन्माच्या वेळी गुदमरल्याचा पुरावा सापडतच नाही. म्हणून मी कोणालाही दोष देण्याची घाई करत नाही. त्याचवेळी आपल्याकडे खरोखर टाळता येण्याजोग्या गोष्टीही होतात, कळा वाढवायची इंजेक्शनं ठोके न बघता देणं, अडलेली बाई तीन दवाखाने फिरून येणं, हे मी बघतो आणि त्याचा संताप येतो. तुमच्या केसमध्ये वाचताना तसं काही दिसलं नाही.

आता पुढे काय करायचं ते, हा भाग जपून ठेवा. घराजवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे लसीकरण ठरल्याप्रमाणे चालू ठेवा. त्याशिवाय हाय-रिस्क फॉलोअप क्लिनिक शोधा, मोठ्या शहरांत मेडिकल कॉलेज आणि मोठ्या रुग्णालयांत असतं, आणि सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांना जोडून डीईआयसी म्हणजे लवकर हस्तक्षेप केंद्रं उघडली आहेत, तिथे तपासणी आणि फिजिओथेरपी फुकट असते. तालुक्याहून जायला त्रास आहे हे मला माहीत आहे, पण निदान तिसऱ्या महिन्याची फेरी चुकवू नका. बाळ बारा ते चौदा आठवड्यांचं असताना उताणं झोपवलं की हातापायांच्या, मानेच्या बारीक बारीक, सगळ्या दिशांच्या हालचाली दिसायला हव्यात. त्या व्यवस्थित असतील तर सीपीची शक्यता खूपच कमी होते. त्याच वयात हॅमरस्मिथ नावाची मेंदू-मज्जातंतूंची एक तपासणी होते, तिचा स्कोअर ७८ पैकी येतो, तिसऱ्या महिन्यात ५६ च्या खाली आला तर आम्ही वाट न बघता थेरपी सुरू करतो. पूर्वी सीपीचं निदान दीड-दोन वर्षांनी व्हायचं, आता पाच-सहा महिन्यांच्या आत करता येतं, आणि मेंदू नवीन रस्ते शिकायला जितका लहान तितका तयार असतो. ऐकण्याची बेरा टेस्ट तीन महिन्यांच्या आत करून घ्या, ती करायची राहून गेलेली मुलं मी बरीच बघतो.

घरी तुम्ही काय बघायचं? दोन महिन्यांपर्यंत चेहऱ्याकडे बघून हसणं. चार महिन्यांपर्यंत मान धरणं. मुठी उघडायला लागणं, अंगठा सतत मुठीत दाबलेला असेल तर दाखवा. आणि ही धोक्याची लक्षणं: पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणं, मागे धनुष्यासारखं ताणलं जाणं, एकच हात वापरणं (वर्षाच्या आत डावखुरा-उजवा ठरत नाही, एक हात सारखा मागे राहत असेल तर ते लक्षण आहे), नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून लिहा, पहिले तीन महिने साधारण दोन सेंटीमीटर दरमहा. दोन वर्षांची सविस्तर विकास-चाचणी करा, आणि तेव्हा सगळं छान असलं तरी शाळेत घालण्याआधी, चार-पाच वर्षांचं असताना एकदा परत, भाषा आणि लक्ष यासाठी. ही शेवटची फेरी कोणीच करत नाही आणि सौम्य गटाच्या मुलांना तिचाच सगळ्यात जास्त उपयोग.

काय करू नका तेही सांगतो. मेंदूचं टॉनिक म्हणून ड्रॉप्स लिहून दिले जातात, सिरप मिळतात, त्यांनी या मुलांना फायदा होतो असा पुरावा नाही. एरिथ्रोपोएटिन या इंजेक्शनवर मोठी आशा होती, अमेरिकेत ५०० बाळांवर ट्रायल झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला की फायदा नाही. स्टेम सेल, प्रेशर चेंबर यांच्या जाहिराती तुमच्या फोनवर येतीलच, लाखो रुपये मागतील, त्यात पडू नका. आजीची मालीश चालू ठेवा, बाळाला स्पर्श हवाच असतो, फक्त टाळूवर तेल जिरवताना दाबू नका आणि नाकात-कानात तेल घालू नका. शेगडीचा धूर बाळाच्या खोलीत नको. बाळगुटी नको, सहा महिने फक्त आईचं दूध. आणि बाळाशी भरपूर बोला, गाणी म्हणा, ओव्या म्हणा. खोली बंद करून "मेंदूला आराम" द्यायची गरज नाही, अशी पथ्यं पाळलेली घरं मी बघितली आहेत आणि त्यात बाळाचंच नुकसान होतं.

बाळाच्या आईकडेही बघा. तुमच्या मेसेजमध्ये तिचा उल्लेख फक्त सिझरपुरता आला. रक्तस्राव झालाय, हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना बघा. बाळ एनआयसीयूत असलेल्या आया "माझ्याच पोटात असं झालं" म्हणून आतल्या आत झुरतात. वार सुटणं तिच्या चालण्याने, जिना चढण्याने, ग्रहणात बाहेर पडण्याने होत नाही. हे तिला तुम्ही स्वतः सांगा, सासूबाईंसमोर सांगा. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, झोप लागत नसेल तर तिला डॉक्टरकडे न्या.

पुढच्या खेपेचं. एकदा वार सुटली की पुन्हा सुटण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, तरीही बहुतेक बायकांना ती परत सुटत नाही. निदान दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवा, सिझरचा व्रण भरायलाही ते लागतं. तिची तंबाखू, मिश्री असेल तर आत्ताच बंद, आणि आजूबाजूच्यांची सिगारेटही. बीपी प्रत्येक भेटीला मोजून घ्या, कारण वार सुटण्याचं मोठं कारण वाढलेलं बीपी. बाळाची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफीने बघत राहा. आणि बाळंतपण अशाच ठिकाणी ठरवा जिथे रात्रीही ओटी चालू असते, भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो, रक्त मिळतं आणि बाळाला बॅगने श्वास देता येणारा माणूस लेबर रूममध्येच उभा असतो. या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एबीजीचे रिपोर्ट आणि ओटी नोट्स यांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, आणि पहिल्या तपासणीलाच नव्या डॉक्टरांच्या हातात द्या.